पाण्याखालची सडक

आमच्या शिबिराकडे येणारी डांबरी सडक फाटकाशी थांबत नव्हती. फाटक डावीकडे ठेवून ती उतारावरून सरळ पाण्यात शिरायची. कडेचा पांढरा पट्टाही तिच्याबरोबर आत जायचा. धरण भरलं की ती फाटकाजवळच बुडायची आणि उन्हाळ्यात जरा पुढे जाऊन बुडायची, एवढाच फरक.

दर सोमवारी नवी तुकडी यायची. तीस-पस्तीस पोरं-पोरी, कधी कॉलेजची, कधी वसतिगृहांची. बॅगा तंबूत टाकल्या की सगळ्यांचा पहिला उद्योग ठरलेला असे: चपला काढून त्या सडकेने पाण्यात चालत जायचं. घोट्याएवढ्या पाण्यात आरडाओरडा, फोटो, एकमेकांवर पाणी उडवणं. गुडघ्याएवढं पाणी झालं की मात्र एकेकाचा आवाज बंद होई. पायाखाली डांबर लागत असे आणि समोर कुठेच काही दिसत नसे. मग कोणीतरी म्हणे, "चला रे परत," आणि सगळे वळत. मी तिथे तीन हंगाम काम केलं. त्याहून पुढे गेलेलं मी कोणाला पाहिलं नाही.

मी लाखांदूरकडची. गावच्या तलावात पोहायला शिकले. पुढे पाण्यातल्या खेळांचा एक कोर्स केला आणि बाविसाव्या वर्षी या शिबिरात प्रशिक्षक म्हणून लागले. सहा मोठे तंबू, पत्र्याचं स्वयंपाकघर, झाडांना बांधलेले दोर आणि काठावर उलट्या घातलेल्या फायबरच्या बोटी. पाणी वैनगंगेवरच्या धरणाचं. ते अडवायला सुरुवात होऊन चारेक वर्षंच झाली होती.

मी तिसरीत असताना आमचा जिल्हा मोडून दोन झाले, आणि बाईंनी पाठ करून घेतलेला नकाशा आम्हाला पुन्हा काढावा लागला होता. शिबिराच्या कचेरीत भिंतीवर त्याच नव्या जिल्ह्याचा नकाशा होता. पण त्यातही हे पाणी नव्हतं. आम्ही जिथे बोटी चालवायचो तिथे एका गावाचं नाव होतं आणि शाळेची बारीक खूण होती.

त्या गावचे एकजण आमच्याकडे नावाडी होते. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. वय साठीच्या आसपास, घरात पिढ्यान्‌पिढ्या नदीत जाळं टाकण्याचा धंदा. गाव उठल्यावर ते पुनर्वसनाच्या वस्तीत राहायला गेले होते आणि तिथून रोज सकाळी सायकलने डबा घेऊन यायचे. ते बोट चालवताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना नीट दिसत नसावं. समोर मोकळं पाणी असताना ते मध्येच काटकोनात वळायचे, थोडं जाऊन पुन्हा वळायचे.

"काकाजी, सरळ काहून नाही नेत?"

"सरळ कशी नेऊ बाई? मधात लोकायची घरं हायेत."

हायेत, म्हणाले. होती, नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्या वळणांबद्दल विचारायचं सोडलं. पण पोरांना पाण्यावर न्यायची वेळ आली की मला ते आठवायचं. पाण्यात वाळलेली झाडं उभी होती, बिनपानांची, पांढरी पडलेली, आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. भर दुपारी वारा पडला की पाण्याकडून आवाज यायचे. एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, कोंबडा कुठं आरवून राहिला?" मीही ऐकला होता. समोरच्या काठावरचा असेल, असं मी सांगितलं. समोरचा काठ चार किलोमीटरवर होता.

माझ्या दुसऱ्या हंगामात, जानेवारीत, मुलींची एक तुकडी आली. पंधरा-सोळा वर्षांच्या, एका वसतिगृहातल्या. त्यांच्यात एक मुलगी सिहोऱ्याकडची होती. बाकीच्या सडकेने पाण्यात धावल्या तेव्हा ती फाटकापाशीच उभी राहिली. मी विचारलं, भीती वाटते का? तिने मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, "मॅडम, ह्या सडकीनं आधी एस.टी. जात होती नं?"

"जात असेल. तुला कसं माहीत?"

"असंच," ती म्हणाली आणि तंबूकडे गेली.

दोन दिवस ती कोणाशी फारशी बोलली नाही. दोरावर चढली, तराफा बांधायला बांबू धरले, सांगितलेलं सगळं केलं. मी तिला लाजाळू समजले आणि विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी धुकं ओसरलं नव्हतं. आमच्याकडे त्याला धुवारी म्हणतात. काठ दिसत होता, पहिली दोन वाळकी झाडं दिसत होती, त्यापुढे पांढरं. काकाजी बोटीपाशी उकिडवे बसले होते.

"आज नोको जाऊ, बाई. धुवारी हाय."

"ओसरेल की काकाजी. ऊन येऊन राहिलं."

"मी तं नाई येत."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझ्या हातात वेळापत्रकाचा कागद होता. आदल्या दिवशी वाऱ्यामुळे बोटी निघाल्या नव्हत्या, दुसऱ्या दिवशी तुकडी जंगलात जायची होती. मी सहा मुली घेतल्या, लाइफ जॅकेटांचे पट्टे तपासले आणि म्हटलं, काठाकाठानेच जाऊन येऊ. सिहोऱ्याची मुलगी त्या सहांत होती. काकाजींनी त्यांचा लांब बांबू उचलून आमच्या बोटीत ठेवला.

दहा मिनिटं सगळं ठीक होतं. मुली वल्ही मारत होत्या, हसत होत्या. मग मी मागे वळून पाहिलं तर काठ नव्हता. धुकं ओसरायचं सोडून दाटत होतं. मी बोट वळवली आणि ज्या दिशेने आलो त्या दिशेने नेली, निदान मला तसं वाटलं. काठ आला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काठ आला नाही.

मी शिट्टी फुंकली. ती चारी बाजूंनी परत आली. मुलींचं हसणं थांबलं होतं. एकीने हळूच विचारलं, "मॅडम, आपण हरवलो का?" मी नाही म्हणाले.

तेवढ्यात ठोके ऐकू आले. ठण, ठण, ठण. कोणीतरी भांडं वाजवत होतं. मी ओळखलं, काकाजी स्वयंपाकघरातलं पातेलं बडवत आहेत. आनंदाने मी बोट त्या आवाजाकडे घेतली. आम्ही जोरात वल्ही मारली. आवाज जवळ येत गेला, अगदी समोर आला, आणि समोर वाळक्या झाडांची एक रांग धुक्यातून वर आली. काठ नव्हता. मग तोच आवाज आमच्या पाठीमागून यायला लागला.

एक मुलगी रडायला लागली. तेव्हा सिहोऱ्याची मुलगी बोलली.

"इकडून नाई, मॅडम. हा बाभळीयचा रस्ता शेतावर जाते. मांगं घ्या."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत नव्हती. तिने डोळे मिटले होते.

"तुला काय माहीत?"

"माही माय ह्याच गावची होय. रोज रातच्यानं मले सांगे, घर कुठं, शाळा कुठं. मी झोपेपर्यंत सांगे." मग ती म्हणाली, "आता नाई ती. मी सहा वर्षांची होती तेव्हा गेली."

दुसरा काही उपाय माझ्याजवळ नव्हता. मी म्हटलं, सांग.

तिने सांगितलं तशी आम्ही बोट मागे घेतली. मी काकाजींचा बांबू पाण्यात सोडत होते. तिथे पाणी फार खोल नसावं, दोन पुरुष असेल, बांबू गाळात रुतायचा आणि ओढून काढावा लागायचा. "आता उजवीकडं. इथं पिंपळ पाह्यजे." उजवीकडे वळलो आणि एका जाड फांदीचं टोक बोटीच्या तळाला घासून गेलं, करकर, नाकापासून शेपटापर्यंत. मुली एकमेकींना धरून बसल्या. "हा पार. आता सरळ. मंग शाळा." मी बांबू टाकला, तो दगडावर आपटला. पुन्हा टाकला, पुन्हा दगड. भिंत असावी. आम्ही तिच्या कडेने निघालो, आणि मला लक्षात आलं की आम्ही सगळ्या आवाज न करता वल्ही मारतो आहोत, दुसऱ्याच्या दारावरून जाताना जावं तसं.

शाळेची भिंत संपली. मी बोटीचं तोंड डावीकडे करणार, तेवढ्यात कोणीतरी म्हटलं, "इकडून नोको. विहीर हाय."

मी हात आवरला. पण बांबू आधीच त्या बाजूला सोडला होता. तो गेला तो गेलाच. गाळ नाही, दगड नाही. माझा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला तरी तळ लागला नाही. खालचं पाणी वरच्यापेक्षा कितीतरी गार होतं. मी बांबू ओढून घेतला आणि बोट उजव्या अंगाने काढली.

"आता सडक लागन," सिहोऱ्याची मुलगी म्हणाली.

बांबूचं टोक टक्‌कन वाजलं. गाळाखाली कडक, सपाट डांबर. पुढे टाकला, टक्‌. बाजूला टाकला तर गाळ. पुढे पुन्हा टक्‌. मग मला कोणी सांगायची गरज उरली नाही. मी पुढे वाकून बांबू टाकत राहिले, मुली वल्ही मारत राहिल्या, आणि पाणी हळूहळू उथळ होत गेलं. धुक्यात एक माणूस पाण्यात उभा दिसला. काकाजी होते, मांड्यांपर्यंत आत आलेले, एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात पळी. त्यांनी बोटीचा दोर धरला आणि आम्हाला ओढत फाटकाकडे नेलं. माझ्यावर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मुलींना शेकोटीपाशी बसवलं, चहा दिला. मी झालेलं सगळं सांगितलं तसे काकाजी त्या मुलीसमोर जाऊन बसले.

"कोणाची होय तू, बाई?"

तिने आईचं आणि आजोबांचं नाव सांगितलं. काकाजींनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "पाराच्या मागचं घर. तुही माय लहान होती तवा माह्या डोंग्यात बसे." तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. पुढे मला म्हणाले, "पिंपळ बरोबर, शाळा बरोबर. पण बाई, विहीर तिले कशी माहीत? ते विहीर तं मांगून खोदली. हिची माय गेल्यावर दोन-तीन वर्षांनं. धरण येते, येते म्हणत होते सारे, तरी ज्याची जागा होती त्यानं खोदली."

मुलगी म्हणाली, "मी विहिरीचं नाई बोलली. तुमीच बोलल्या नं, मॅडम?"

मी बोलले नव्हते. मी बाकीच्या पाचजणींना विचारलं. दोघी म्हणाल्या, मॅडमच बोलल्या. एक म्हणाली, हीच बोलली. रडलेली मुलगी म्हणाली, "मले वाटलं, मागून आवाज आला." बोटीत तिच्या मागे कोणी बसलं नव्हतं. ती सगळ्यात शेवटी होती. पाचवीने काही ऐकलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी शिबिराचे संचालक आले तेव्हा माझी चूक मी त्यांना सरळ सांगितली. तेव्हापासून नियम झाला, काकाजी हो म्हणाल्याशिवाय बोट पाण्यात घालायची नाही. उरलेले तीन दिवस मुलींनी पाण्याकडे पाठ करून जेवण केलं. सिहोऱ्याची मुलगी मात्र रोज सकाळी काकाजींजवळ जाऊन बसायची. ते जाळं विणायचे आणि बोलायचे. लांबून मला त्यांचं बोट दिसायचं, पाण्यावर इकडे तिकडे फिरणारं, हे कोणाचं, ते कोणाचं, असं दाखवणारं.

शनिवारी तुकडी निघाली तेव्हा काकाजींनी तिच्या हातात सुक्या मासोळ्यांची पुरचुंडी दिली. "माहेरच्या लेकराले रिकाम्या हातानं नाई धाडत," ते म्हणाले. गाडीत वास सुटला, बाकीच्या मुलींनी नाकं धरली, हसल्या. किती दिवसांनी त्या हसल्या असं मला वाटलं. खरं तर तीनच दिवस झाले होते.

गाडी गेल्यावर मी काकाजींना विचारलं, "त्या विहिरीत कोणी पडलं होतं का हो?"

"नाई, बाई. कोणीच नाई पडलं. चांगली विहीर होती. गोड पाणी होतं."

मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कोणी पडलं असतं तर बरं, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. तसं असतं तर तो आवाज कोणाचा, हे तरी निदान कळलं असतं. मी पुढचा एक हंगाम तिथे काढला, मग शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले. त्या पाचजणींपैकी एक परवा लग्नात भेटली. दोन लेकरांची आई झाली आहे. आम्ही दोघी खूप बोललो, वसतिगृहाचं, तंबूतल्या थंडीचं. निघताना तिने विचारलं, "मॅडम, तेव्हा तुम्हीच बोलल्या होत्या नं?"

"हो," मी म्हणाले. "मीच."