चिऊच्या बोरन्हाणाची खोटी तारीख

शैलावहिनी हलव्याचे दागिने करतात. देवासच्या आमच्या कॉलनीत त्यांच्याइतकं सुबक काम कुणाचं नाही आणि त्यांच्याइतका उशीरही कुणाचा नाही. एक दाणा जरा जाड दिसला की अख्खा हार उसवणार, पुन्हा ओवणार. गेल्या वर्षी कन्नौदच्या एका नव्या सुनेचं हळदीकुंकू आटोपलं, बायका वाण घेऊन घरी गेल्या, मग हार पोचला. तेव्हापासून मी त्यांना पुढच्या संक्रांतीची आगाऊ आठवण करून देतो. त्या हसतात.

यंदा माझ्या नातीचं, चिऊचं, बोरन्हाण रथसप्तमीला ठरलं. मला खोडी सुचली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वहिनींना म्हटलं, "येत्या रविवारीच आहे."

"भावजी, सहा दिवसांत कसं व्हायचं?"

"मग बाजारातले आणतो."

हे त्यांना लागणार, हे मला ठाऊक होतं.

सहा दिवस वहिनी खिडकीपाशी मान खाली घालून ओवत बसल्या. ना टीव्ही, ना गप्पा. मी कॉलनीभर सांगत सुटलो, "देखा भिया, तारीख अलीकडे आणली की वहिनीसुद्धा पळतात."

शनिवारी संध्याकाळी डबा घेऊन त्या स्वतः आल्या. मुकुट, बाजूबंद, इवलीशी बासरी. एक दाणा वाकडा नाही.

"बघा, उगाच महिना लावता," मी म्हणालो.

"जमलं खरं," म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. मनावर गावी दिलेली त्यांची लेक देवश्री दिसली. पाटावर तिचा आयुष, डोक्यावरून बोरं, चुरमुरे पडतायत, पोरगं खिदळतंय.

"कधीचं हे?"

"आजचंच. पहिलं बोरन्हाण त्याचं. मी बुधवारी निघणार होते, पण तुम्हाला शब्द दिला होता. देवश्री रुसली. म्हणाली, मम्मी, नातवापेक्षा पडोसवाले ज्यादा झाले का?"

वहिनी हसत होत्या. मला गप्प बसता आलं असतं. हातातला डबा ठेवून चहा विचारला असता की झालं.

"वहिनी, चिऊचं उद्या नाही," मी म्हणालो. "रथसप्तमीला आहे. आधीपासूनच."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे अजून पंधरा-सोळा दिवस होते."

"हो."

मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, झाकण नीट दाबून बसवलं आणि परत दिला.

"कोरड्या जागी ठेवा," त्या म्हणाल्या. "इतके दिवस राहायचाय, ओल लागली तर हलवा विरघळेल."