ओलं हाड

“थांबा, वाळू दे आधी.”

सरकारी दवाखान्याची फरशी मी पुसली की डॉक्टरीणबाई चपला हातात घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहायच्या आणि आलेल्या पेशंटांनाही असंच थांबवायच्या. मी तिथं झाडलोटीला होते. स्वतःच्याच दवाखान्यात पाय टाकायला बाई झाडलोटवालीची वाट बघतात, याचं बेलापूरच्या लोकांना नवल वाटायचं. मलाही वाटायचं, बोलले कधी नाही.

बाई नगरच्या, सावेडीकडच्या. अंगानं बुटक्या. टेबलामागे बसल्या की चष्माच आधी दिसायचा. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता.

एका साली, कडबा रचायच्या दिवसांत, एक शेतकरी मुलीला घेऊन आला. गंजीवरून पडून तिचं मनगट सुजलं होतं. श्रीरामपूरहून हाताचा एक्स-रे फोटो काढून आणला होता. तो उजेडात धरून बाप म्हणाला, “मोडलंय व्हय? मनगटापाशी काळी फट दिसती. म्होरल्या महिन्यात लगीन हाय हिचं.”

“मोडलं नाही, नुसती सूज आहे. वय काय हिचं?”

“शहानी झाली की दिवाळीत, न्हाण आलं.”

बाईंनी मुलीचा हात हातातच ठेवला. “या वयात अंगात हार्मोन वाढतात. ते आधी हाडं भराभर वाढवतात आणि पुढं तेच ही फट हळूहळू बुजवतात. हिची अजून उघडी आहे. हाड ओलं आहे, दादा. वाळू दे आधी.”

“ते हाडाचं झालं. पावन्यांना काय सांगू?”

मुलगी फोटोतल्या हाताकडे बघत होती.

आठवड्यानं तो एकटाच आला. फोटो टेबलावर टाकला. “फिसकटलं सगळं, तुमच्या फोटूनं!”

मुलगी पडल्याचं ऐकून पाहुणे घरी आले होते. हात धड आहे हे दाखवायला यानंच हौसेनं फोटो पुढं केला. नवरदेवाच्या मामानं तो उन्हात धरला, काळी फट बघितली आणि “पोरगी मोडकी हाय” म्हणून सगळे चहा न घेताच उठले.

“बोलवा त्यांना,” बाई म्हणाल्या. “हात धड आहे म्हणून सांगते. पोर अजून वाढतंय, तेही सांगते.”

“पयलंच सांगा की नुसतं.”

“दोन्ही सांगणार.”

तो टोपी चाचपत बसला. मग म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. शाळा तरी हुंद्या तिची.”

फोटो इथंच राहिला. खिडकीची एक काच फुटली होती, तिथं बाईंनी तो चिकटवून टाकला.

पुढं बाईंची बदली झाली. नवे डॉक्टर ओल्या फरशीवरून बुटानं सरळ आत येतात. मी पुन्हा पुसते.

एका दुपारी पुसता पुसता वर बघितलं, तर उंबऱ्यावर तीच मुलगी. अंगात शाळेचा गणवेश, हातात चपला.

“बाई हायेत?”

“बदली झाली त्यांची.”

ती गेली नाही. फरशी वाळेपर्यंत तशीच उभी राहिली. मग आत आली आणि खिडकीतल्या फोटोतल्या हातावर तिनं आपला हात ठेवला. त्या पांढऱ्या बोटांच्या थोडी पुढं तिची बोटं आली होती.