चाचांचं एकच क्रियापद

माझ्या वडिलांच्या या दोस्ताइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या भोर तालुक्यात झाला नसेल. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. भोंगवलीत त्यांचं शिंपीकाम. शिवलेला सदरा गिऱ्हाइकाच्या अंगात नीट बसेपर्यंत चाचांचाच जीव वरखाली व्हायचा. त्यातून मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली, तिथं नात झाली, आणि नातीला मराठी येईना. चाचांकडे फोन नव्हता, म्हणून रविवारी दुपारी मुलीचा फोन आमच्या भोरच्या घरी यायचा. चाचा सकाळच्याच एसटीनं हजर. फोन बंद तर पडला नाही ना, म्हणून सारखा रिसीव्हर कानाला लावत आणि लगेच घाबरत, "आरं, म्या उचलला तवाच तिनं लावला आसंल तर?"

नात दोन शब्द बोलून फोन आईकडे देई. ते त्यांना फार लागायचं. "इसरंल रं ती मला," म्हणत त्यांनी मला गाठलं. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकत होतो. अख्खी भाषा या वयात झेपायची नाही, म्हणून त्यांनी एकच क्रियापद मागून घेतलं: 'कम'. आत ये, परत ये, तू कुठली, बी उगवून वर आलं, स्वप्न खरं झालं. एवढ्याशा 'कम'मध्ये इतकं मावतं याचं त्यांना भारी अप्रूप. शिवता शिवता पाठ व्हावं म्हणून ते खडूनं कापडावरच लिहीत. गावातल्या निम्म्या विजारींच्या खिशात आतून 'कम इन' निघालं. एका नवरदेवाच्या कोटाच्या अस्तरावर 'कम बॅक' होतं, आणि ते नेमकं नवरीच्या वडिलांनी वाचलं. चाचा आठवडाभर जेवले नाहीत.

शेवटी एका रविवारी त्यांनी फोनवर सगळे 'कम' एका दमात म्हणून टाकले. पलीकडे नात खळखळून हसली. या वेळी तिनं फोन आईकडे दिला नाही. उलट आजोबांना विचारलं, "नाना, व्हेन आर यू कमिंग?"

मी अर्थ सांगायला पुढे झालो, तर त्यांनी हातानं थांबवलं. रिसीव्हर झाकून म्हणाले, "समजलं रं मला. समदं समजलं. पर आता हिला सांगू काय?"

पुण्याच्या पलीकडं ते कधी गेले नव्हते. चाचा फोनमध्ये हळूच म्हणाले, "कमिंग, बेटा. कमिंग."

संध्याकाळी मी त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात.

"खरं वाटलं रं पोरीला," ते म्हणाले. "आता वाट बघत बसंल."