गाडी बंद करणार नाही

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळे ब्रेकताई म्हणतात. त्या मोटार चालवायला शिकवतात. शिकणारा स्टिअरिंगवर, त्या शेजारी आणि त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक. घरातही कोणी फार तावातावाने बोलायला लागलं की त्यांचा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जातो. मी त्यांची धाकटी जाऊ. ड्रायव्हिंग स्कूलचा फोन मी उचलते, आणि संतापायचं खातंही माझ्याकडेच आहे.

गेल्या वर्षी आम्ही नवी गाडी घेतली. काचा वर-खाली करायची बटणं सोडली, तर आत शपथेला बटण नाही. बाकी सगळं मधल्या स्क्रीनवर. समोरच्या काचेवर वाफ धरली तर ती घालवायची हवासुद्धा स्क्रीनवर बोट फिरवूनच सोडायची. शोरूमवाल्याने हे काय कौतुकाने दाखवलं होतं! जसं काही बटणं दाबून दाबून आजवर माणसांचे हाल होत होते.

एका पावसाळी सकाळी ताई एका नर्सला शिकवत होत्या. रुग्णांच्या घरी जाऊन सेवा करायची नोकरी तिला मिळत होती, पण गाडी चालवता आली तरच. दोन मुलं आणि म्हातारे सासरे तिच्याच जिवावर. भर रस्त्यात स्क्रीन काळी पडली आणि समोरची काच पांढरी झाली. नर्स स्क्रीनवर बोटं आपटत राहिली, ताईंनी अंदाजाने ब्रेक दाबला. गाडी फुटपाथवर चढून थांबली. काच पुसून पाहतात तर हातभर अंतरावर एक आजोबा नातवाची बाबागाडी धरून उभे.

कोणाला खरचटलंही नाही. तेच आमच्या मुळावर आलं. सर्व्हिस सेंटरने गाडी बंद करून चालू केली, स्क्रीन लख्ख उजळली आणि त्यांनी हात वर केले. गाडीत दोष नाही, म्हणे, शिकणारी बाई गोंधळली. ताईंनी वाहन सुरक्षा कार्यालयात तक्रार केली. कार्यालयाने कंपनीला विचारलं, कंपनीने तेच सांगितलं, तक्रार बंद. म्हणजे चोरालाच विचारायचं, चोरी झाली का रे बाबा? दुसरी तक्रारही अशीच बंद झाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि नर्सने ते खरं मानलं. मीच घाबरले असेन, असं मला फोनवर म्हणाली आणि यायची थांबली. नोकरी देणारे महिनाअखेरपर्यंतच वाट पाहणार होते. ताई तिच्या घरी जाऊन आल्या, समजावून थकल्या. तुम्ही मला शिकवता, तुम्ही असंच म्हणणार, हे तिचं उत्तर.

मग एके दिवशी दारातून हॉर्न ऐकू आला. गाडीत ताई एकट्याच होत्या आणि स्क्रीन पुन्हा काळी पडली होती.

"बस लवकर," त्या म्हणाल्या. "मी गाडी बंद करणार नाही. बंद केली की हिचा आजार पळतो. अशीच्या अशी नेऊ या."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. वाफ धरू नये म्हणून चारही काचा खाली करून आम्ही निघालो आणि कार्यालयाच्या फाटकाशी पोचेपर्यंत चिंब झालो. पहारेकरी म्हणाला, इंजिन बंद करा, तपासल्याशिवाय आत सोडता येत नाही. ताई म्हणाल्या, मग साहेबांना इथे बोलवा. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. मी खाली उतरले आणि आम्ही का अडून बसलोय ते रांगेतल्या सगळ्यांना घसा ताणून सांगितलं. साहेब बहुधा त्या आवाजानेच खाली आले.

आमच्या दोन्ही तक्रारी बंद करणारे हेच ते साहेब. ताईंनी त्यांना स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, मी मागे. मग काचा वर केल्या. आत दोन माणसं ओलीचिंब, समोरची काच पांढरी व्हायला कितीसा वेळ लागणार? साहेबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. मग दाबलं. मग कुठे एखादं बटण लपलंय का म्हणून आजूबाजूला चाचपून पाहिलं.

"एकदा बंद करून बघू या," ते म्हणाले.

"आणि मागून ट्रक येत असेल तर?"

साहेबांनी बोट स्क्रीनवरून काढून घेतलं. म्हणाले, तक्रार पुन्हा उघडतो, आमचा तंत्रज्ञ येईपर्यंत गाडी चालूच ठेवा. मला वाटलं, जिंकलो. पण ताईंनी नर्सला फोन लावला, कार्यालयाचे साहेब बोलतायत म्हणून सांगितलं आणि तो साहेबांपुढे धरला. चूक तुझी नव्हती, एवढं हिला सांगा, म्हणाल्या. साहेब चुळबुळले. चौकशी व्हायची आहे, आत्ताच असं काही बोलता येणार नाही. एका बाईच्या माथी दोष मारताना चौकशी लागली नव्हती ती, असं मी मागून म्हणाले, आणि हळू म्हणाले नाही.

"दोष कुणाचा ते नका सांगू," ताई म्हणाल्या. "समोर काय दिसतंय, तेवढंच सांगा."

साहेबांनी काचेकडे पाहिलं. पलीकडे फाटक होतं, पहारेकरी होता, कदाचित आणखीही कोणी असेल.

"बाई," ते फोनवर म्हणाले, "मी त्याच गाडीत स्टिअरिंगवर बसलोय. मला काहीच दिसत नाही."

पलीकडून नर्सने विचारलं, "ताई, उद्या येऊ का? पण ही गाडी नको."