जॅकरावांचा वाटा

नवा कायदा माणसांना समजावून सांगणारे पुष्कळ असतात; पण तो कुत्र्याला समोर बसवून मोठ्याने वाचणारा आणि शेवटी "काही शंका?" असं विचारून उत्तराची वाट पाहणारा माणूस या भूतलावर एकच निपजला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला.

चिंचवडच्या कडेला, घरं संपून बोरीबाभळींचा माळ सुरू होतो तिथलं शेवटचं घर साडूंचं. साडू शिकारी. म्हणजे शिकार मिळेलच असं नाही, पण शिकारी चोवीस तास. भाजी आणायलासुद्धा खाकी विजार, पोटऱ्यांना पट्ट्या आणि डोक्यावर हॅट. कोथिंबिरीच्या जुडीवर हात टाकण्याआधी ते शेजारच्या पोत्याआड दबा धरतात. सासुरवाडीला जाताना फाटकाशी चिमूटभर माती हवेत उधळून वारा बघायचा आणि वाऱ्याच्या उलट बाजूने घरात शिरायचं, कारण "सासूबाईंना आधी वास लागला की त्या झोपेचं सोंग घेतात आणि आपला चहा बुडतो, साडूभाऊ!" रानडुकराचे पाडावेत तसे वाटे ते घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे पाडतात. एकदा मी पिंपरीहून खांद्यावरून भलंमोठं कलिंगड आणलं, तर साडूंनी सुरी उपसून जाहीर केलं, "हा बारवाल्याचा वाटा, हा हाकेवाल्यांचा, आणि हा कुत्र्याचा." बारवाला म्हणजे सुरी चालवणारे ते स्वतः. हाकेवाला म्हणजे सावज हाकून आणणारा मी, माझ्या वाट्याला सालीजवळचं पांढरं आलं. मधला लाल गर कुत्र्याला.

हा कुत्रा म्हणजे जॅकराव. देहूरोडच्या छावणीतला कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना त्याला साडूंच्या हवाली करून गेला. लांब कान, तपकिरी अंग, आणि चेहरा असा की आत्ताच कीर्तन ऐकून आला असावा. साडू गावाला अरेतुरे करतात, जॅकला मात्र अहोजाहो. रोज संध्याकाळी दोघं माळावर जात. साडू आपल्या ठासणीच्या बंदुकीतून बार टाकत, जॅकराव धावत जाऊन पडलेला लावा किंवा तित्तर तोंडात अलगद धरून आणत, एक पीस न दुखावता साडूंच्या हातात देत, आणि मग आपला वाटा खात. नेम चुकला तर (तो बहुधा चुकेच) जॅकराव एखादी काटकी, एखादी फाटकी वहाण आणून साडूंची लाज राखत. "आमच्यात फुकटचं खायची पद्धत नाही," साडू छाती काढून सांगत. हीच छाती पुढे भोवली.

कारण शिकारीचा नवा कायदा आला, आणि त्यात पाखरांच्या अंड्यांच्या दिवसांत शिकार बंद झाली. साडूंना तो कायदा मनापासून पटला. "अंड्यावर बसलेल्या बाईवर बार टाकतो तो मर्द कसला?" असं म्हणून त्यांनी बंदूक खुंटीला टांगली. त्या संध्याकाळी जॅकरावांनी ताटलीतल्या दूधभाकरीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. काम नाही तर जेवण नाही! माझी मेव्हणी अक्का हिने मटणाचा रस्सा ठेवला, तेव्हा तर ते अपमान झाल्यासारखे उठून कोपऱ्यात गेले. साडूंनी कायदा पुन्हा वाचून दाखवला. तोंडाने "ठो!" करून पाहिलं. अक्काने पातेलं आपटलं. जॅकराव दोघांकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या, आणि साडू, ज्यांनी सासऱ्यांच्या तेराव्याला सात जिलब्या हाणल्या होत्या, तेही जेवेनासे झाले.

अखेर अक्काने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तित्तर शिवला. आत चिंध्या, वर कोंबडीची पिसं. तो घाणेरीच्या जाळीत लपवण्याची कामगिरी हाकेवाला म्हणून माझ्यावर आली. साडूंनी छर्रे न घालता नुसती दारू ठासली आणि बार उडवला. जॅकराव बाणासारखे सुटले, लुगड्याचा तित्तर घेऊन आले, बसले, आणि भाकरी चाटूनपुसून खाल्ली. साडू नाक शिंकरत होते. अक्का पदराने डोळे पुसत होती. मीही काट्यांनी ओरबाडलेले हात पुसत होतो.

असा दोनचार संध्याकाळी सोहळा झाला. मग एका दुपारी दारात जंगल खात्याचा शिपाई उभा, मागे तरुण साहेब.

"तात्यासाहेब, बंदी हाय न्हवं?" शिपाई साडूंना म्हणाला. "रोज बार ऐकू येतूय. आमी काय भैरं हाय व्हय?"

साडूंनी मुद्देमाल हजर केला. साहेबाने तो उलटसुलट पाहिला. "हा कुठला पक्षी?"

"माझं लुगडं आहे ते," अक्का आतून म्हणाली. "जपून धरा, शिवण उसवेल."

साहेबाला हसू आवरेना. साडूंनी सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून साहेब शांतपणे म्हणाला, "तित्तर कापडाचा, पण बार तर खरा ना? तो ऐकून माळावरच्या माद्या अंड्यांवरून उठतात. त्या परत येऊन बसतील याची हमी देता?"

साडूंचा चेहरा एकदम उतरला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी बंदूक आणून साहेबाच्या पुढ्यात ठेवली. "हंगाम खुलेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. मग जॅकरावांच्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, "पण मग ह्यांनी जगायचं कसं, साहेब?"

आणि धडाम्! कौलं थरथरली. पिंपरीच्या बाजूला नव्या कारखान्याच्या पायासाठी त्या दिवशी पहिला सुरुंग उडाला होता.

साडूंनी साहेबाकडे पाहिलं. "ह्याला बंदी नाही?"

"ते आमच्या खात्यात येत नाही," साहेब हातातल्या टोपीकडे बघत म्हणाला.

एवढ्यात जॅकराव दिसेनासे झाले होते. परतले ते तोंडात फडक्यात बांधलेली शिदोरी घेऊन. साडूंसमोर बसून त्यांनी ती अलगद हातात दिली. मागून धापा टाकत एक गवंडी आला, बीडकडचा.

"आवो मालक, माझी भाकर!"

साडूंनी हॅट काढून शिदोरी परत केली आणि जॅकरावांचा शिरस्ता सांगितला. गवंड्याने फडकं सोडलं. भाकरीला दाताचा ओरखडासुद्धा नव्हता. तो बघतच राहिला. मग अर्धी भाकरी मोडून म्हणाला, "घे बाबा. मीबी कामाबिगर खात नाही."

जॅकराव जेवले! साडूंनी गवंड्याला मिठी मारली, साहेबाला मारली, शिपायाला मारायला गेले तर तो अंगणाबाहेर पळाला.

तेव्हापासून रोज सुरुंगाच्या वेळी गवंडी आपणहून शिदोरी झुडपात लपवू लागला.

परवा गेलो तेव्हा सुरुंग थांबले होते. माळावर कारखान्याची भिंत उभी होती, गवंडी दुसऱ्या कामावर आकुर्डीला गेला होता. भोंगा वाजला तसे म्हातारे जॅकराव उठले आणि पिसं झडलेला लुगड्याचा तित्तर साडूंना आणून दिला. साडूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. हंगाम खुला होता, बंदूक परत येऊन खुंटीला होती. इतक्यात भिंतीपलीकडून खरा तित्तर ओरडला. दोघांचेही कान उभे राहिले.

"साडू, घ्या की बंदूक! आता कायदा आड येत नाही," मी म्हणालो.

साडू बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले.

"नाही येत," ते म्हणाले. "पण पूर्वी एक ओरडला की चहूकडून उत्तरं यायची, साडूभाऊ. हा एकटाच ओरडतोय."

मग त्यांनी भाकरी मोडली आणि जॅकरावांचा वाटा आधी काढला.