भरपाई मिळाल्याची पावती

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. जाऊही नये.

इंदूरच्या कापड मिल एकामागून एक बंद पडत होत्या आणि आमच्या हद्दीत, पोलोग्राउंडला, आखातात नोकऱ्या लावून देणारे दलाल उगवले होते. असाच गेलेला एक मराठी विणकर परत येऊन ठाण्यात माझ्यासमोर बसला. तिथल्या कापड कारखान्यात मशीनवर हाताला इजा झाली. भरपाई मागितली, तर कंपनीने पावतीची प्रतच हातात ठेवली: पूर्ण रक्कम पोचली, आता काही मागणं नाही. खाली त्याचा अंगठा.

"भिया, पैसे घेतले असतील अन् उडवले असतील," आमचे हवालदार त्याला म्हणाले.

"एक रियाल पाहिला असेल तर हात झडो!" तो उसळला. "दलालाला द्यायला घर गहाण टाकलंय, साहेब. भरपाई नाही आली तर घर गेलं."

पावती बाजूला ठेवून मी त्याचा तक्रार अर्ज बघत होतो. खाली वळणदार मराठी सही. सही येते, मग तिकडे अंगठा का?

"मिलमध्ये पगाराला अंगठाच लावायचो ना. सही करत बसलं की मागची लाइन ओरडायची, 'अबे, चिट्ठी लिख रिया है क्या?' सवयच पडली. जाताना दलालाने कागद पुढे केले, लावला."

"कुठला अंगठा?"

"डावाच. पगाराला डावाच लागतो."

"दाखव."

इतका वेळ खिशात असलेला डावा हात त्याने टेबलावर ठेवला. अंगठा मुळापासून नव्हता. दवाखान्याच्या कागदावरची तारीख पावतीच्या दोन महिने आधीची होती.

बंद मिलच्या पगारपत्रकावरचा त्याचा जुना ठसा मिळवला. दोन्ही ठसे एकच, असं ठसेतज्ज्ञाने लेखी दिलं. मग दलालाला बोलावलं.

"साहेबजी, मी तर बेरोजगारांची सेवा करतो."

"कापलेला अंगठा कुठे जपून ठेवला होतास?"

त्याचं पान चघळणं थांबलं. तासाभरात त्याने पेटीची चावी काढून दिली. पंचांसमक्ष उघडली. आत गठ्ठे, प्रत्येकावर एकेका मजुराचं नाव. कागद कोरे, खाली डावा अंगठा. कुणाला इजा झाली की दलाल त्याच्या कागदावर पावती लिहून कंपनीला विकायचा. ती माणसं तेव्हा परदेशात धडधाकट कामावर होती. अपघात अजून व्हायचा होता, पावती तयार होती.

दलालाला शिक्षा झाली. दूतावासामार्फत विणकराला भरपाईही आली. दीड वर्षाने, आणि कंपनीने कागदोपत्री दाखवलेल्या हेल्परच्या पगारावर मोजलेली. काम विणकराचं घेतलं, अंगठा विणकराचा गेला, मोजताना मात्र हेल्पर! घर तेवढं वाचलं. त्या कंपनीवर माझ्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येत नव्हता, याचा राग आजही येतो.

फसतो तो अडाणी, असं आम्ही पोलीस धरून चालायचो. हा माणूस अडाणी नव्हता. मागच्याचा खोळंबा नको म्हणून वर्षानुवर्षं त्याने सही सोडून अंगठा लावला होता. दलालाने त्याची तीच भलमनसाई विकली.