येळवशीचं आवतण

माझी नात आता शाळेत शिकवते. परवा तिनं कपाटातली जुनी किशोर कादंबरी मागितली. म्हणाली, "आजी, वर्गात वाचून दाखवते. पोरं एकमेकांना समजून घेतील."

मला हसू आलं. त्याच पुस्तकाची मी जुनी गुन्हेगार.

लोहाऱ्याजवळच्या गावात मी आठवीला मराठी शिकवायची. साडीला कडक इस्त्री, बोलण्याला त्याहून कडक. चार प्रकरणं वाचली की गाव सुधारतं, हा माझा ठाम समज. आता स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

वर्गात सगळ्या आळ्यांची पोरं होती. एक मुलगी गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्यांची. तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. कादंबरीतली मुलगीही पालावरचीच. त्यातल्या बाई गावासमोर उभ्या राहून तिची बाजू घेतात. तो भाग मी असा काही कापऱ्या आवाजात वाचला, की तमाशातसुद्धा घेतलं असतं मला. अख्खा वर्ग रडला. बागाईतदाराची मुलगी तर हुंदके देऊन. मी मनातल्या मनात स्वतःला हार घालून घेतला.

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? येळवस तोंडावर आली होती. आमच्याकडं त्या अमावस्येला गाव रानात जेवतं, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतं. म्हणून मी फर्मान काढलं, "प्रत्येकानं दुसऱ्या आळीतल्या एकाला रानात जेवायला न्यायचं."

बागाईतदाराची मुलगी टुणकन उठली. "बाई, मी हिला नेते."

पालावरची मुलगी माझ्याकडं बघत राहिली. "बाई, जाऊ का?"

"जा की! येळवशीला कुणी कुणाला नाही म्हणतं का?"

"तुमी असताल का तितं?"

"असणार. मलाही आवतण आहे."

एवढं ऐकल्यावर ती हसली.

येळवशीच्या दिवशी ती धुतलेला गणवेश घालून, डोक्याला चपचपीत तेल लावून बागाईतदाराच्या रानात आली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली होती. डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातल्या अंबिलीचे डेरे. मैत्रिणीनं तिचा हात धरून कोपीकडं आणलं, तेवढ्यात घरच्या आजीबाई म्हणाल्या, "आगं, तिला बांधावर बसीव. पोटभर वाढ, काय कमी करू नगं."

दोघी पोरींनी एकदमच माझ्याकडं बघितलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण सण त्यांचा, मी पाहुणी, गावात मी राहायचे ती खोलीही त्यांचीच. "बाई, अंबील घ्या की," आजीबाई म्हणाल्या, आणि उघडलेल्या तोंडाचा मी तेवढाच उपयोग केला. मला पितळी पेला होता. बांधावर तिला ओंजळीत, वरून धार धरून. अंबील कोपरावरून ओघळत होती आणि ती पीत होती, कारण समोर तिच्या बाई बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं कादंबरी परत आणली. शेवटचं प्रकरण वाचायला मीच घरी दिली होती.

"वाचलंस?"

"न्हाय बाई."

"अगं, शेवट लई गोड आहे."

"आसंल की. पुस्तकातल्या बाई बोलतेत."

हे ती रागानं नाही, अगदी साधं बोलली. रागावली असती तर मला दटावता तरी आलं असतं.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. मी पालावर गेले. तिची आई चूल फुंकत होती. "म्या लई सांगितलं, बाई. पोरगी न्हाय म्हणती." आत पाल हलल्यासारखं वाटलं. बोलवावं तिला बाहेर, पण बोलवून म्हणायचं काय? मी पायातली माती बघत उभी राहिले आणि परत आले. दिवाळीनंतर आलेली ती पालं संक्रांतीच्या आधीच उठली. कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही.

पुस्तक नातीच्या हातात दिलं तेव्हा ती म्हणाली, "शेवट कसाय गं, आजी?"

"गोड," म्हटलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती चहा ठेवायला आत गेली.

तोंडानं मला अजून जमत नाही. म्हणून हे कागदावर लिहून शेवटच्या प्रकरणात घालून ठेवते. ती वाचेल का, माहीत नाही.